एका जागेचे दोन दावेदार

२८ सप्टेंबर १९६९. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात बेंगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांचा सामना होता. बेंगल्सचा तो जेमतेम दुसरा हंगाम. त्यांचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक त्याच शहरातल्या विद्यापीठातून नुकताच व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये आला होता. फेक लांब असूनही नेमकी, ही त्याची ओळख. हंगामातले पहिले दोन सामने संघाने जिंकले होते. या तिसऱ्या सामन्यात चीफ्सच्या जिम लिंचने त्याला खाली पाडलं आणि कुक फेकीच्या खांद्यावर आपटला. सामना बेंगल्सनेच जिंकला, पण खांद्याच्या आत काय फाटलंय हे कोणालाच कळलं नाही. स्नायूंचं चित्र दाखवणारं एमआरआय यंत्र तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. तीन सामने बाहेर बसून कुक परतला आणि इंजेक्शनं घेत घेत उरलेला हंगाम खेळला.

त्या हंगामात त्याच्या दर फेकीमागे संघाला सरासरी ९.४ यार्ड मिळाले. पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या पोरासाठी हा आकडा अचाट होता. हंगाम संपल्यावर शस्त्रक्रियेत उघड झालं की खांदा फिरवणारे स्नायू फाटलेलेच आहेत आणि त्याच अवस्थेत तो महिनोन् महिने चेंडू फेकत होता. पुढे १९७३ मध्ये चीफ्सकडून एका सामन्यात त्याने तीन फेकी केल्या. तेवढ्यावर त्याची कारकीर्द संपली.

कुकच्या जाण्याने पडलेलं भगदाड बुजवताना बेंगल्सचे सहायक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी जी खटपट केली, तिने अमेरिकन फुटबॉलची रीतच बदलून टाकली. ती हकीकत पुढे येईल. क्वार्टरबॅक या पेशाचा शंभरेक वर्षांचा इतिहास चाळला, की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. दुखापत किती मोठी होती, यापेक्षा तिच्यानंतरच्या काही आठवड्यांत प्रशिक्षकाने काय ठरवलं यावर कारकिर्दी जास्त अवलंबून राहिल्या आहेत. जखमी झालेल्याची कारकीर्द तर खरीच, त्याच्या जागी आलेल्याचीही.

हे असं का होतं, ते समजायला या जागेचं वेगळेपण लक्षात घ्यायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडूंचे संघ लंबगोल चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायची धडपड करतात. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो धावणाऱ्याकडे द्यायचा की दूरच्या साथीदाराकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याच्या रोखाने धावत सुटलेले असतात. क्रिकेटमध्ये जखमी फलंदाजाच्या जागी आलेल्या मुलाने शतक ठोकलं, तर पुढे दोघंही एकाच संघात खेळू शकतात. इथे ती सोय नाही. मैदानावर एका वेळी क्वार्टरबॅक एकच. दुसरा चांगला निघाला, की पहिल्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर प्रशिक्षकाला द्यावं लागतं.

सुरुवातीला क्वार्टरबॅकचं काम एवढं मोलाचं नव्हतं. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या सूचनेवरून खेळाची प्रत्येक चाल एका ठरावीक रेषेवरून, एकाच संघाच्या ताब्यातल्या चेंडूने सुरू होऊ लागली, आणि तो चेंडू मागच्यांकडे पोचवणारा मध्यस्थ म्हणून क्वार्टरबॅक आला. पुढच्या दिशेने चेंडू फेकायला बंदीच होती. त्यामुळे सगळा खेळ म्हणजे माणसांच्या भिंतीवर माणसांची भिंत आदळणं. १९०५ च्या हंगामात मृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला बजावलं. १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. क्वार्टरबॅकचा आजचा पेशा दुखापतींवरच्या या उपायातून उगवला.

प्रशिक्षकाचा हात मात्र बराच काळ बांधलेला होता. बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आणण्यावर बंधनं होती आणि बाकावरून सूचना देणंही नियमबाह्य होतं. १९४० च्या दशकात ही बंधनं सैल झाली. १९४४ मध्ये बाकावरून सूचना द्यायला मुभा मिळाली आणि १९५० पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलमध्ये हवे तितके बदल करता येऊ लागले. या सवलतींचा सर्वांत पुरेपूर उपयोग क्लीव्हलंड ब्राऊन्सच्या पॉल ब्राऊन यांनी केला. प्रत्येक चाल स्वतः ठरवायची आणि आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूच्या तोंडून क्वार्टरबॅकला कळवायची, हा त्यांचा खाक्या. १९५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ऑटो ग्रॅहमच्या तोंडावर कोपर बसलं. टाके घालून आणि हेल्मेटला प्लॅस्टिकची पट्टी लावून ब्राऊन यांनी त्याला त्याच सामन्यात परत उतरवलं. हेल्मेटला जाळी लावण्याची पद्धत रुळण्यात त्या पट्टीचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये तर ब्राऊन यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये चक्क रेडिओ बसवला. लीगने त्यावर लगेच बंदी आणली आणि ती थेट १९९४ मध्ये उठली.

याच काळात पिट्सबर्गच्या बांधकामांवर राबणारा एक तरुण सुट्टीच्या दिवशी सामन्यामागे सहा डॉलर घेऊन स्थानिक संघाकडून खेळत होता. जॉनी युनायटस त्याचं नाव. पिट्सबर्ग स्टीलर्सनी १९५५ मध्ये त्याला निवडलं आणि एकाही अधिकृत सामन्यात न खेळवता काढून टाकलं. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक वीब यूबँक यांनी त्याला राखीव म्हणून घेतलं. ऑक्टोबरमध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ जायबंदी झाला आणि युनायटस मैदानात आला. त्याची पहिलीच फेक प्रतिस्पर्ध्याने पकडली आणि गोलरेषेपर्यंत नेली. दुसरा कोणी प्रशिक्षक असता, तर पुढच्या आठवड्यात नवा माणूस शोधला असता. यूबँक यांनी त्यालाच ठेवलं. दोन वर्षांनी, २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जादा वेळेत रंगलेला अजिंक्यपदाचा सामना युनायटसने २३-१७ असा जिंकून दिला आणि दूरचित्रवाणीवर तो पाहणाऱ्या अमेरिकेला या खेळाचं वेड लागलं.

दहा वर्षांनी फासा उलटला. १९६८ च्या हंगामापूर्वीच्या सरावसामन्यात युनायटसच्या फेकीच्या हाताचं कोपर दुखावलं. आता कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शुला होते. त्यांनी अर्ल मॉरल या चौतिशीतल्या, अनेक संघ फिरलेल्या खेळाडूला आत आणलं. मॉरल असा काही खेळला, की कोल्ट्सनी चौदापैकी तेरा सामने जिंकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. १२ जानेवारी १९६९ रोजी मायामीत तिसरा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, झाला. समोर न्यू यॉर्क जेट्स, त्यांचे प्रशिक्षक तेच वीब यूबँक, आणि क्वार्टरबॅक दुखऱ्या गुडघ्यांचा जो नेमथ. जिमी ऑर हा साथीदार गोलरेषेजवळ एकटा, मोकळा उभा असताना मॉरलला तो दिसला नाही. मॉरलच्या तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेल्या. युनायटस बाकावर बसून बघत होता. शुलांनी त्याला उतरवलं तेव्हा तिसरा चतकोर संपत आला होता. कोल्ट्सचा त्या दिवसाचा एकमेव टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणं, त्यानेच घडवला, पण सामना जेट्सनी १६-७ असा नेला. मध्यांतरालाच बदल केला असता तर, हा प्रश्न शुलांचा पिच्छा पुढे अनेक वर्षं पुरवत राहिला.

चार वर्षांनी नियतीने त्यांना तोच पेपर पुन्हा दिला. शुला आता मायामी डॉल्फिन्सकडे होते. बाल्टिमोरने नको म्हणून सोडलेल्या मॉरलला त्यांनी नाममात्र शंभर डॉलरमध्ये उचललं होतं. मॉरल तेव्हा अडतिशीत होता. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सॅन डिएगोविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसचा पाय मोडला, घोटाही निखळला. मॉरल आत आला आणि डॉल्फिन्स हरेचनात. पिट्सबर्गमधल्या उपान्त्य सामन्यात मध्यांतराला ७-७ अशी बरोबरी होती. मॉरल काही वाईट खेळत नव्हता, पण आक्रमणात जोर उरला नव्हता. बऱ्या झालेल्या ग्रीसला शुलांनी विचारलं, तयार आहेस का? तो हो म्हणाला आणि दुसऱ्या डावात उतरला. डॉल्फिन्स २१-१७ ने जिंकले, सुपर बोलही १४-७ ने जिंकला. तो सतरा विजय, शून्य पराभव असा हंगाम आजवर दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेला नाही. एकाच प्रशिक्षकाने एकाच राखीव खेळाडूबाबत दोनदा घेतलेल्या निर्णयांचे हे दोन निकाल.

 मॉरल २०१४ मध्ये गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसणाऱ्या माराने होणारा सीटीई हा विकार शेवटच्या टप्प्यात असल्याचं आढळलं. आणि युनायटसच्या ज्या हाताने १९५८ चा सामना जिंकला होता, त्याची बोटं उतारवयात त्याला धड हलवताही येत नव्हती.

आता सिनसिनाटीकडे वळू. १९७० मध्ये कुक खेळू शकत नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राऊनच होते. क्लीव्हलंडमधून बाहेर पडल्यावर त्यांनी हा नवा संघ उभा केला होता. त्यांनी शिकागोकडून सुटलेला व्हर्जिल कार्टर हा खेळाडू मिळवला. कार्टर चपळ होता, हुशार होता. इतका हुशार, की फुटबॉलमध्ये मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू असणं किती गुणांचं असतं, याचं गणित मांडणारा शोधनिबंध त्याने १९७१ मध्ये रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत प्रसिद्ध केला. त्याची अडचण एकच होती, हातात जोर नव्हता. कुकच्या लांब फेकींवर रचलेला आराखडा त्याच्या काही उपयोगाचा नव्हता.

आक्रमणाची जबाबदारी असलेल्या वॉल्श यांनी मग उपलब्ध माणसाला साजेसा खेळ शोधला. मैदान लांबीने शंभर यार्ड, पण रुंदीनेही त्रेपन्न यार्डांहून थोडं जास्त आहे. मग चेंडू आडवा का पसरू नये? छोट्या छोट्या फेकी, साथीदाराची धाव आणि क्वार्टरबॅकने मागे टाकायची पावलं यांचा ताल आधीच बांधलेला. तिसऱ्या किंवा पाचव्या पावलावर चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. सुरुवातीला सातपैकी सहा सामने हरलेल्या बेंगल्सनी उरलेले सातही जिंकले आणि आपला गट पटकावला. पुढच्या वर्षी लीगमध्ये अचूक फेकींचं सर्वाधिक प्रमाण कार्टरचं होतं. या पद्धतीचा आणखी एक फायदा होता. चेंडू लवकर सुटल्यामुळे अंगावर येणाऱ्यांना क्वार्टरबॅक सापडायच्या आत खेळ पुढे गेलेला असे.

ब्राऊन १९७६ मध्ये निवृत्त झाले, पण मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी वॉल्शना न देता दुसऱ्याला दिलं. दुखावलेले वॉल्श कॅलिफोर्नियात गेले आणि १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी संघ आळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या तिसऱ्या फेरीत, एकूण ब्याऐंशीव्या क्रमांकावर त्यांनी जो मॉन्टाना हा किडकिडीत मुलगा निवडला. ओहायोत जन्मलेली ही पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट’ या नावाने जगाला ठाऊक झाली. मॉन्टानाने वॉल्श यांच्या हाताखाली तीन सुपर बोल जिंकले. त्यातले दोन, जानेवारी १९८२ आणि जानेवारी १९८९ चे, बेंगल्सनाच हरवून.

पण वॉल्श भावनेत अडकणारे नव्हते. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये मॉन्टानाच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. खेळ सोडण्याचा सल्ला त्याला मिळाला होता, तरी दोन महिन्यांच्या आत तो परतला. वॉल्श यांनी मात्र पुढच्याच वसंतात टॅम्पा बेहून स्टीव्ह यंगला आणलं. जानेवारी १९८८ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्यांनी मॉन्टानाला भर सामन्यात बाहेर काढून यंगला उतरवलं. तो सामना ते हरले आणि पुढच्या हंगामात मॉन्टानाने संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. यंग वाट बघत राहिला. २० जानेवारी १९९१ रोजी न्यू यॉर्क जायंट्सचा लेनर्ड मार्शल मागून येऊन मॉन्टानाला असा काही धडकला, की मॉन्टानाच्या हाताचं हाड मोडलं, छातीला मार बसला, मेंदूही हादरला. त्यातच कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि तो जवळजवळ दोन हंगाम बाहेर राहिला. तेवढ्या काळात यंग लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. १९९३ मध्ये मॉन्टाना कॅन्सस सिटीला गेला. यंगचाही शेवट वेगळा नव्हता. सप्टेंबर १९९९ मध्ये ॲरिझोनात डोक्याला बसलेल्या मारानंतर तो पुन्हा खेळलाच नाही.

दुखापत आणि निर्णय यांची साखळी एखाद्या संघात किती लांब जाऊ शकते, ते वॉशिंग्टनमध्ये दिसतं. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी सोमवारच्या रात्रीच्या सामन्यात जायंट्सचा लॉरेन्स टेलर क्वार्टरबॅक जो थाइसमनवर झेपावला. थाइसमनच्या उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. लाखो लोकांनी ते घरबसल्या पाहिलं. छत्तीस वर्षांचा थाइसमन पुन्हा खेळला नाही. त्या रात्री जे श्रोडर या राखीव खेळाडूने आत येऊन सामना २३-२१ असा जिंकून दिला आणि प्रशिक्षक जो गिब्स यांना नवा क्वार्टरबॅक मिळाला. १९८७ च्या पहिल्याच सामन्यात श्रोडरचा खांदा दुखावला. त्याच्याऐवजी डग विल्यम्स आला. मागच्या अख्ख्या हंगामात त्याच्या वाट्याला एकच फेक आली होती. गिब्स कधी याला, कधी त्याला खेळवत राहिले आणि अखेर बाद फेरीच्या तोंडावर विल्यम्सवर स्थिरावले. सुपर बोलच्या पहिल्या चतकोरात विल्यम्सचा गुडघा पिळवटला. दोन चाली बाहेर बसून तो परत आला आणि दुसऱ्या चतकोरात चार टचडाउन फेकी केल्या. वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० ने चिरडलं. सुपर बोल जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून विल्यम्सचं नाव कायमचं नोंदलं गेलं. कृष्णवर्णीयांना या जागेवर खेळवायला संघांनी किती दशकं टाळाटाळ केली होती, ते माहीत असलेल्यांना त्या रात्रीचं मोल वेगळं सांगायला नको.

हरलेल्या दावेदाराचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. १९८८ मध्ये श्रोडरला रेडर्सकडे पाठवून वॉशिंग्टनने बदल्यात जिम लॅची घेतला. तो लेफ्ट टॅकल, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, त्याला न दिसणारी बाजू राखणारा खेळाडू. थाइसमनचा पाय मोडल्यानंतर या जागेचं महत्त्व एवढं वाढलं, की मायकेल लुईस यांनी २००६ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. लॅचीच्या पहाऱ्याखाली मार्क रिपियनने जानेवारी १९९२ मध्ये वॉशिंग्टनला आणखी एक सुपर बोल मिळवून दिला. त्या रिपियनला जागा मिळाली होती, ती विल्यम्सच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे.

या साखळ्यांमधली सर्वांत गाजलेली न्यू इंग्लंडची. मार्च २००१ मध्ये तिथला मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोने दहा वर्षांचा, १०.३ कोटी डॉलरचा करार केला. २३ सप्टेंबरला जेट्सच्या मो लुईसने त्याला मैदानाच्या कडेला धडक दिली, छातीत रक्तस्राव झाला आणि जीवच धोक्यात आला. आदल्या वर्षी १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी आत आला. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी ब्लेडसोला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा संघाने जेमतेम निम्मे सामने जिंकले होते. ब्रेडीने काही चमत्कार केला नव्हता. तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीच खेळेल असं जाहीर केलं. त्यांनी याआधी, १९९३ मध्ये, क्लीव्हलंडचा लाडका बर्नी कोझार भर हंगामात काढून शहराचा रोष ओढवून घेतला होता. तरी हात आखडला नाही. उपान्त्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावल्यावर ब्लेडसोनेच येऊन सामना वाचवला. सुपर बोलला पुन्हा ब्रेडी. २००८ मध्ये ब्रेडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसलने सोळापैकी अकरा सामने जिंकून दिले. तेव्हा मात्र बेलिचिक यांनी राखीव खेळाडूला सोडून दिलं आणि जुन्याची वाट पाहिली. दोन्ही वेळा त्यांचा अंदाज खरा ठरला.

फिलाडेल्फियाचा अंदाज चुकला. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि राखीव निक फोल्सने संघाला पहिला सुपर बोल मिळवून दिला, ब्रेडीलाच ४१-३३ ने हरवून. संघाने तरीही तरुण वेंट्झवर पैसा लावला. २०१९ मध्ये फोल्स गेला आणि वेंट्झला चार वर्षांसाठी १२.८ कोटी डॉलरची वाढ मिळाली. २०२० संपता संपता वेंट्झ बाकावर होता आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रशिक्षक डग पीडरसन यांची नोकरी गेली.

मायामीचे प्रशिक्षक निक सेबन यांच्यापुढे २००६ मध्ये निवडीसाठी दोन जायबंदी क्वार्टरबॅक होते, खांद्याचा ड्रू ब्रीस आणि गुडघ्याचा डॉन्टे कल्पेपर. संघाच्या डॉक्टरांना ब्रीसचा खांदा धोक्याचा वाटला, मायामीने कल्पेपर घेतला. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि चार वर्षांत तिथे सुपर बोल आला. सेबन एका वर्षात मायामी सोडून अलाबामा विद्यापीठात गेले.

प्रशिक्षकाचा निर्णय सर्वांत महाग पडला तो पुन्हा वॉशिंग्टनमध्येच. रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याला मिळवण्यासाठी संघाने २०१२ मध्ये पहिल्या फेरीतल्या तीन आणि दुसऱ्या फेरीतली एक अशा निवडी देऊन टाकल्या होत्या. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा दुखावला. राखीव कर्क कझिन्सने पुढचा सामना जिंकून दिला होता. तरी ६ जानेवारी २०१३ च्या बाद फेरीच्या सामन्यात, खराब झालेल्या हिरवळीवर, ग्रिफिन पट्टा बांधून उतरला आणि पहिल्या चतकोरापासूनच लंगडू लागला. मी खेळू शकतो, असं त्याने सांगितलं आणि प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी ऐकलं. चौथ्या चतकोरात गुडघा वाकडा झाला, दोन अस्थिबंध फाटले. तो परत आला, पण पहिल्या वर्षाचा ग्रिफिन परत आला नाही. शॅनहन वर्षअखेरीला गेले आणि २०१५ पासून जागा कझिन्सची झाली. खेळाडूला स्वतःला विचारून निर्णय घेण्यातला धोका ग्रिफिनइतका स्पष्ट कोणाच्या बाबतीत दिसला नसेल: क्वार्टरबॅकला जागा गमवायची भीती असते, त्यामुळे त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

ही भीती खोटी नसते, याचा दाखला ॲलेक्स स्मिथ. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सर्वांत आधी निवडलं आणि पहिल्या चार वर्षांत आक्रमणाचे चार वेगवेगळे प्रशिक्षक त्याच्या माथी मारले. खांद्याच्या दुखण्यावरून मुख्य प्रशिक्षकांशी त्याचे जाहीर मतभेद झाले. जिम हारबॉ यांच्या हाताखाली तो सावरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये डोक्याला मार बसला तेव्हा त्याच्या शंभरातल्या सत्तर फेकी अचूक जात होत्या. त्याने लक्षणं लपवली नाहीत, नियमाप्रमाणे बाहेर बसला. बरा होईतो हारबॉ यांनी त्याच्या जागी आलेल्या कॉलिन कॅपरनिकला कायम केलं होतं. सहा वर्षांनी, थाइसमनच्या अपघाताला बरोबर तेहतीस वर्षं झाली त्या दिवशी, वॉशिंग्टनकडून खेळताना स्मिथचा उजवा पाय मोडला. जंतुसंसर्गाने पाय कापायची वेळ आली होती. सतरा शस्त्रक्रियांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, तोही त्या दिवशीचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून.

डोक्याच्या दुखापतींबाबत प्रशिक्षकाचा शब्द आता शेवटचा राहिलेला नाही. डिसेंबर २०११ मध्ये क्लीव्हलंडचा कोल्ट मॅकॉय जबर धडकेनंतर तपासणीविनाच काही मिनिटांत परत खेळायला आला. त्यावर ओरड झाली आणि वर बसून खेळाडूंवर नजर ठेवणारे निरीक्षक नेमले गेले. पाठोपाठ संघाबाहेरचे मेंदूतज्ज्ञ आले. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा टुआ टागोवायलोआ डोकं आपटून झोकांड्या खाताना सर्वांनी पाहिला, पाठ दुखावल्याचं सांगून तो परत खेळला, आणि चार दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. खेळाडूंच्या संघटनेने त्याला तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञाला हटवलं आणि तोल जाणारा खेळाडू त्या सामन्यात परतणार नाही, असा नियम झाला. गुडघा, खांदा, घोटा यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर फक्त परवानगी देतात. खेळवायचं की थांबवायचं, हे अजूनही प्रशिक्षकाकडेच आहे. ग्रिफिनचा गुडघा पाहिल्यावर ही व्यवस्था अपुरी आहे असंच म्हणावं लागतं.

जानेवारी २०२३ च्या उपान्त्य सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, आणि संघाकडे फेकणारा माणूसच उरला नाही. हात वर न उचलता येणाऱ्या पर्डीला परत उतरवावं लागलं. त्याच वर्षी लीगने प्रत्येक संघाला आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक ठेवायची मुभा दिली. अट एकच आहे: पहिले दोघं जखमी किंवा अपात्र ठरले तरच तो खेळू शकतो, केवळ प्रशिक्षकाच्या मर्जीने नाही.